सात नंबरच्या खाटेवरचा महागू नागपुरे

महागू नागपुरे भाकरी मोडायच्या आधी उजेडाकडे धरायचा. लोणच्याची बरणी पुढे केली की आधी विचारायचा, कधीचं आहे. पुस्तक हातात आलं की उघडून वास घ्यायचा. माझी बरीच पुस्तकं त्यानं फक्त हुंगली आहेत. पेन्सिलीचा एक तुकडा कानावर, दुसरा शर्टाच्या खिशात. कुणाच्या घरी गेला तर गादीवर बसायचा नाही, उंबऱ्यावर बसायचा. लग्नाच्या पंगतीत, रेल्वेच्या डब्यात, माझ्या वर्गाच्या दारात, कुठेही आला की त्याचे ओठ हलायचे. तो माणसं मोजत असायचा. माणूस मेला असं कधी म्हणायचा नाही. 'खाट रिकामी झाली' म्हणायचा. सख्ख्या काकाच्या तेराव्यालाही तेच म्हणाला. काकू नंतर त्याच्याशी बोलली नाही.

हे सगळं 'असायचा', 'म्हणायचा' असं लिहावं लागतं आहे. हाताला अजून सवय झालेली नाही.

तो सीमेपलीकडच्या, हिंदी मुलखातल्या बालाघाटात एका धर्मार्थ दवाखान्यात लॅब असिस्टंट होता. त्याच्यावर कुणी नव्हतं आणि हाताखालीही कुणी नव्हतं. लॅब म्हणजे एक खोली, एक मायक्रोस्कोप, एक स्टोव्ह आणि एक स्टूल. घर किरनापूरकडचं, वांगी-टमाटर पिकवणारं. मॅट्रिकनंतर सहा महिने नागपूरला शिकून आला आणि त्या स्टुलावर बसला तो बसलाच.

मी १९६५ साली बी. ए. होऊन नागपूरहून इथल्या शाळेत आलो. मराठी शिकवायला. वर्गातली अर्धी मुलं मराठीच्या तासाला हिंदीत उत्तरं देत. पहिल्याच महिन्यात मला ताप आला. महागूनं बोटाला सुई टोचली, रक्त काचेवर घेतलं, बराच वेळ पाहिलं.

"मास्तर, तुमच्यात काईच नाई."

"काहीच नाही?"

"हौ. मलेरिया नाई, काई नाई. एकदम कोरे हा तुमी."

तो खरोखर नाराज दिसला. तेव्हापासून आमची मैत्री.

आता खाटेकडे येतो.

पुरुषांच्या वॉर्डात चौदा खाटा होत्या. सात नंबरची खाट मधल्या खिडकीजवळ. त्या खिडकीवर वाळ्याची ताटी होती. बांबूची चौकट, आत वाळ्याच्या मुळ्या दाबून भरलेल्या. त्यावर पाणी मारलं की बाहेरची झळ आत येताना गार आणि सुगंधी होऊन येते. सगळ्या गावात अशा ताट्या उन्हाळ्यापुरत्या लागतात आणि मग उतरतात. ही उतरत नसे. राइस मिलवाले शेठ मोतीलाल, दवाखान्याच्या कमिटीचे अध्यक्ष, यांनी ती आईच्या स्मरणार्थ दिली होती. चौकटीवर पितळी पाटी होती. कुणी नेऊ नये म्हणून सहा बोल्टांनी ती भिंतीत बसवली होती.

"माँ की याद है," शेठ म्हणायचे. "कोई मौसम की चीज़ थोड़ी है."

म्हणून ती बारा महिने असायची. मुळ्याही कधी बदलल्या नाहीत. आईच्या नावानं दिलेल्या मुळ्या त्याच होत्या, दुसऱ्या भरल्या तर स्मारक राहिलं कुठे? पुनाराम चपराशाला सकाळी अकरा आणि दुपारी तीनला ताटीवर पाणी घालायचा लेखी हुकूम होता. तो हुकूम कुणी मागे घेतला नाही. पुनाराम जानेवारीतही पाणी घालायचा. भर पावसातही घालायचा. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात झारी. मी स्वतः पाहिलं आहे. ताटी काळी पडली होती आणि तिला वाळ्याचा वास राहिला नव्हता.

तरी सात नंबरची खाट मानाची. ती कुणाला द्यायची हे ऑफिसचे हेडक्लार्क बंडोपंत मुळमुले ठरवत. कुणाचे व्याही, कुणाचे साडू, निवृत्त नायब तहसीलदार. चिठ्ठ्या येत. लोक पंधरा पंधरा दिवस वाट पाहत.

१९६६च्या पावसाळ्यात सातवरच्या एका पेशंटचा बेडका महागूकडे आला. टीबी असणार, असं कागदावर होतं. टीबी निघाला नाही. त्यानं काचेवर बेडका विरघळवणाऱ्या पोटॅशचा थेंब टाकला, पुन्हा पाहिलं आणि मला शाळेतून बोलावून घेतलं.

मी डोळा लावला. बारीक फांद्या दिसल्या. सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या.

"सुंदर आहे," मी म्हणालो.

"सुंदरच राह्यते. बुरशी हाये. मानसाच्या फुप्फुसातून आली."

चौथ्या दिवशी खाट रिकामी झाली.

महागूनं मला समजावलं ते असं. बुरशीचे कण हवेत सगळीकडे असतात. आपण सगळेच ते नाकात घेतो आणि धडधाकट माणसाचं शरीर ते साफ करून टाकतं. पण ज्याचं शरीर आधीच थकलेलं, ज्याला साखर, किंवा ज्याला त्या पांढऱ्या बारीक गोळ्या चालू, त्याच्या फुप्फुसात ते कण रुजतात. या गोळ्या तेव्हा नव्या आल्या होत्या. सूज जादूसारखी उतरवायच्या. पण शरीराचा पहारेकरी झोपवून टाकायच्या.

"बुरशी काई वाईट नाई, मास्तर. तिले ओलं पाह्यजे, अन् कोनी हाकलाले नाई पाह्यजे. दोनी भेटले का थे घर करते."

त्यानं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चौदा चौकोन काढले. दवाखान्याची रजिस्टरं घेऊन बसला. कोण कुठल्या खाटेवर होता, किती दिवस, गोळ्या किती दिवस, मग काय झालं. दोन वर्षांत सोळा जणांना गोळ्या तीन आठवड्यांच्या वर चालल्या होत्या. त्यातले पाच सातवर. पाचांतल्या चौघांच्या खाटा रिकाम्या झाल्या. बाकी अकरांतल्या एकाची.

तो नकाशा घेऊन बंडोपंतांकडे गेला. मी बरोबर होतो. बंडोपंतांनी चष्मा लावून तो नीट पाहिला. ते मूर्ख नव्हते, हे लिहिलं पाहिजे.

"नागपुरे, सातवर आम्ही गंभीर माणसंच पाठवतो. मरणाऱ्याला निदान गारव्यात मरू द्यावं, एवढीही सोय नको का? खाट माणूस मारत नाही. आम्ही मरणाऱ्याला खाट देतो."

महागूनं नकाशाची घडी केली आणि निघाला. चौथ्या दिवशी माझ्या उंबऱ्यावर येऊन बसला.

"बंडोपंत बराबर बोलून राह्यले. माह्या आकड्याले भोक हाये."

मग त्यानं आणखी एक गोष्ट शोधली. १९६७च्या दिवाळीत भिंतीला रंग दिला तेव्हा ताटी बोल्ट काढून सात आठवडे दोन नंबरच्या खिडकीवर ठेवली होती. त्या सात आठवड्यांत सातवरचा गोळ्यावाला बरा होऊन घरी गेला. दोनवरचा गेला तो खांद्यावरून.

"अहो, गारवा तिकडे गेला म्हणून मीच गंभीर माणूस दोनवर हलवला," बंडोपंत म्हणाले. "ताटी जिथं, गंभीर माणूस तिथं. एखादा धडधाकट ताटीशी निजवून दाखवा, मग बोलू."

आम्ही भोपाळला एका खात्याकडे पत्र पाठवलं. भाषा माझी, आकडे त्याचे. पाच महिन्यांनी उत्तर आलं. आमचं पत्र संबंधित विभागाकडे गेलं होतं आणि त्या विभागानं पत्रक पाठवलं होतं. विषय : कोठारातल्या धानाला बुरशी लागू नये म्हणून घ्यायची काळजी. महागूनं ते पूर्ण वाचलं.

"चांगलं लिवलं हाये," तो म्हणाला. "धानाले हवा लागू द्या म्हनते."

१९६८च्या एप्रिलात त्यानं बटाटे उकडले. चौदा चकत्या केल्या, चौदा उकळलेल्या बशांत ठेवल्या. प्रत्येक खाटेजवळ एक बशी तासभर उघडी ठेवायची, मग झाकून चार दिवस लॅबमध्ये. वॉर्डात त्याचा अर्थ लोकांनी आपापला लावला. तीन नंबरच्या बायकोनं बशीला हळदकुंकू वाहिलं. अकरा नंबरच्या बापानं उदबत्ती लावली. नऊ नंबरनं चकती मीठ मागून घेऊन खाल्ली.

"काहून खाल्ली बावा?" महागूनं विचारलं.

"माह्या खाटेजवळ ठेवली म्हून."

महागूनं नकाशात नवव्या चौकोनात लिहिलं : नमुना खाल्ला.

चार दिवसांनी बाकीच्या चकत्यांवर कुठे एक ठिपका, कुठे दोन. सात नंबरची चकती दिसतच नव्हती. तिच्यावर निळसर हिरवी लव उभी होती, मांजराच्या पाठीसारखी. महागूनं सगळ्या बशा ट्रेमध्ये मांडून कमिटीपुढे नेल्या. शेठ मोतीलालांनी सात नंबरची बशी बराच वेळ पाहिली. नाकाला रुमाल लावला.

"आलू ख़राब है," ते म्हणाले.

कमिटीचं एकमत झालं. दुसऱ्या दिवशी पुनारामनं वॉर्डच्या दारावर पाटी लावली : वार्ड में आलू लाना मना है. स्वयंपाकघरातूनही बटाटा बंद झाला. पेशंट महागूवर चिडले. भाजीला नुसता दोडका राहिला.

मी हसलो. तो हसला नाही. बारा नंबरकडे बघत होता.

बारा नंबरवर लामता गावचा प्रेमलाल होता. सुतार. मूत्रपिंडाच्या आजारानं अंग सुजलेलं. पांढऱ्या गोळ्यांचा अठरावा दिवस. त्याची बायको मैनाबाई रोज सकाळी बंडोपंतांच्या ऑफिसबाहेर बसायची. ती शेठच्या मिलमध्ये धान पाखडायला जायची आणि शेठची चिठ्ठी तिनं मिळवली होती. सातवरचे नायब तहसीलदार शनिवारी गेले. सोमवारी सात नंबर प्रेमलालला मिळणार, असं बंडोपंतांनी सांगितलं.

महागू मैनाबाईकडे गेला.

"बाई, सातवर जाऊ नोका. बारा चांगली हाये."

"काहून?"

"त्या ताटीत बुरशी हाये. तुमच्या मानसाच्या गोळ्या चालू हायेत. त्याच्या छातीत जाईन."

"इथं पत्र्याखाली भाजून राह्यला थो. पंधरा दिस मी त्या दारात बसली, भाऊ. आज भेटली तं तुमी म्हनता जाऊ नोका?"

"हौ."

"समजलं मले." तिनं पदर खोचला. "तुमच्या घरचं कोनी निजवाचं असन तिथं. म्हून आलू ठेवून लोकायले भेवडावता."

महागू डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर चांगले होते, पण आठवड्यातले तीन दिवस यायचे आणि घाईत असायचे. गोळ्या मधेच बंद करता येत नाहीत, ते म्हणाले, आणि खाटा हा बंडोपंतांचा विषय. बंडोपंत म्हणाले, चिठ्ठी आहे. शेठ म्हणाले, "ग़रीब आदमी को ठंडक मिल रही है, तुमको क्या तकलीफ़ है?"

सोमवारी सकाळी आठ वाजता महागू नागपुरे पोट धरून वॉर्डात आला आणि सात नंबरच्या खाटेवर आडवा झाला.

दवाखान्याचा नियम असा की आजारी कर्मचाऱ्याला रिकामी खाट सगळ्यांच्या आधी मिळायची. तो नियम शेठच्या वडिलांनी केला होता, म्हणून तोही काढता येत नव्हता. बंडोपंतांनी नियम दोनदा वाचला आणि सही केली.

मैनाबाईनं वॉर्डाच्या मधोमध उभं राहून सगळ्यांना ऐकवलं, "पाहा! म्हटलं होतं ना मी! घरचं कोनी नाई भेटलं तं सोताच निजला, मुडदा!"

महागू भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याचे ओठ हलत होते.

संध्याकाळी मी गेलो. डॉक्टरांनी पोट दाबून अपेंडिक्स असेल म्हटलं होतं. शुक्रवारी कापू.

"आता?" मी विचारलं.

"अपेंडिक्स नाई पाह्यजे. आव पाह्यजे. आवेले कापत नाई, पन पडून राहा लागते."

आव ठरायला तपासणीचा कागद लागतो. मंगळवारी सकाळी तो सात नंबरवरून उठला, डबी घेऊन लॅबमध्ये गेला, स्टुलावर बसला, स्वतःचा नमुना तपासला, कागदावर 'अमीबा आढळला' असं लिहिलं, खाली सही केली आणि परत येऊन झोपला. बारा वर्षांत त्यानं लिहिलेला तो एकच खोटा रिपोर्ट. दर आठवड्याला तो नव्यानं लिहावा लागायचा. ते त्याला फार लागलं. खाटेवर पडल्या पडल्या मला म्हणायचा, "मास्तर, माह्या रजिस्टरात एक खोटा अमीबा फिरून राह्यला."

मी त्याला म्हणालो, बंडोपंतांना हवा होता तसा धडधाकट माणूस ताटीशी निजला आहे. आता तुझा आकडा पुरा होईल.

"थ्याच्यासाठी नाई झोपलो," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "अन् मी धडधाकट नाई."

तेव्हा मला कळलं. त्याला दमा होता. दम्यासाठी तो दीड वर्ष त्याच गोळ्या घेत होता. कमी, पण रोज.

"हे तुला माहीत होतं?"

"मीच तं नकाशा काढला."

मी त्याला उठ म्हणालो. शिव्या दिल्या. हात धरून ओढलं. पुनाराम झारी घेऊन आला, आणि आमच्या दोघांच्या मधून ताटीवर पाणी घालून गेला.

"प्रेमलालची सूज गुडघ्याच्या खाली आली," महागू म्हणाला. "पंधरा-वीस दिस, बस."

तो चोवीस दिवस पडून होता. बारा नंबरवर प्रेमलालची सूज उतरली. जूनच्या पहिल्या आठवड्यात नवराबायको लामत्याच्या छोट्या रेल्वेगाडीनं गेले. निघताना मैनाबाई सात नंबरशी थांबली.

"निजा आता गारव्यात," ती म्हणाली.

"हौ बाई," महागू म्हणाला.

गाडी सुटल्यावर त्याची आव बरी झाली.

जुलैत खोकला लागला. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यानं मला लॅबमध्ये बोलावलं. काच लावून ठेवली होती. मी डोळा लावला. फांद्या होत्या. एका बाजूला झुकलेल्या.

मी डोळा उचलून त्याच्याकडे पाहिलं.

"माह्याच हायेत," तो म्हणाला. "चांगली आली काच. इतकी साफ आदी कदी नाई आली."

यावरचं औषध मुंबईला मिळतं, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी तार केली. तोवर त्याला भरती करायचं ठरलं. बंडोपंत स्वतः वॉर्डात आले. त्यांचे डोळे भरले होते, मी पाहिलं.

"आपला माणूस आहे," ते म्हणाले. "सात नंबरच देऊ."

मी ओरडलो. मी काय ओरडलो ते आठवत नाही. बंडोपंत दचकून माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी आपल्याजवळचं सगळ्यात चांगलं दिलं होतं. महागूनं माझी बाही धरली.

"राहू द्या, मास्तर. आता काई फरक नाई पडत. अन् तिथं माहं काम हाये. तुमच्या सायकलीचा पाना आना."

पाना मी नेऊन दिला. का, ते विचारलं नाही. दुपारी जेवणं झाली की वॉर्ड झोपायचा, पुनारामही झोपायचा. तेव्हा महागू उशीला टेकून उठायचा आणि ताटीचे बोल्ट फिरवायचा. रोजच्या पाण्यानं ते पुन्हा गंजले होते. दिव्यातलं रॉकेल बोटानं लावायचा, थांबायचा, धाप ओसरली की फिरवायचा. दोन दिवसांत एक. कधी तीन दिवसांत एक. निघालेला बोल्ट औषधाच्या रिकाम्या बाटलीत. बाटली उशीखाली.

"पुढं कोन येईन इथं?" त्यानं एकदा विचारलं.

"चिठ्ठ्या आल्या आहेत," मी म्हणालो. "तीन."

"गोळ्यावाला कोनी?"

"एक."

तो पुन्हा उठून बसला.

एकोणीस ऑगस्टला सकाळी मी शाळेत जाताना डोकावलो. खाट रिकामी होती. मुंबईचं औषध तार केल्यापासून बाविसाव्या दिवशी आलं. लॅबमध्ये पाठवलं तर तिथे सही करायला कुणी नव्हतं, म्हणून परत गेलं.

मी नकाशा घेऊन बंडोपंतांकडे गेलो. सातव्या चौकोनात त्याची नोंद त्यानंच करून ठेवली होती. नाव, दिवस, गोळ्या. मी म्हणालो, हा चालत आला होता. हा गंभीर नव्हता.

बंडोपंतांनी चष्मा पुसला. "दमेकरी होता हो," ते हळू म्हणाले. "गंभीरच म्हणायचा."

गोळ्यावाला कटंगीकडचा आहे. त्याला सोमवारी सात नंबर मिळणार आहे. पाना माझ्याकडे परत आला आहे, बाटलीही. बाटलीत चार बोल्ट आहेत. काल कुणाचा तरी पाहुणा म्हणून वॉर्डात गेलो आणि रिकाम्या सातवर बसून ताटीची चौकट चाचपली. पाचवा अर्धा बाहेर आला आहे. सहाव्याला त्यानं रॉकेल लावून ठेवलं आहे.